आधी नाविक, मग नौका
यांत्रिक होडी चालविणाराचे शिक्षण आणि परवाना

ओझर हे गाव काही होड्यांकरिता प्रसिद्ध नाही. बाणगंगेच्या काठचे हे गाव द्राक्षबागांकरिता, वाघाड प्रकल्पाच्या पाण्याचे वाटप स्वतःच्या हाती घेणाऱ्या पाणीवापर संस्थांकरिता आणि १९६४ साली स्थापन झालेल्या विमानांच्या कारखान्याकरिता ओळखले जाते. तेव्हा येथील कृषी अधिकाऱ्याने होडीविषयी लेख लिहावा, याचे वाचकांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु त्यास एक प्रसंग कारण झाला, तो प्रथम सांगतो.

मृग नक्षत्रापूर्वी खरिपाच्या आखणीसाठी आमच्याकडे शेतकऱ्यांची बैठक भरली होती. बियाणे, खते, बीजप्रक्रिया हे नेहमीचे विषय संपल्यावर गोदाकाठच्या एका गावचे वयोवृद्ध शेतकरी उठून म्हणाले, "साहेब, औंदा आमच्या गावाला मोटारची होडी मिळणार आहे. आता पुराची भीती राहिली नाही."

"फार चांगले झाले, आबा," मी म्हणालो. "पण ती चालविणार कोण?"

सर्वांच्या नजरा मागे बसलेल्या एका तरुणाकडे वळल्या. तो हसत म्हणाला, "मी आहे ना, साहेब. ट्रॅक्टर चालवितो, पिकअप चालवितो. हिला काय, एक इंजिन अन् एक दांडा!"

बैठकीत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण या लेखात पुढे येईल. गावास होडी मिळाली म्हणजे गाव सुरक्षित झाले, ही समजूत अपुरी आहे. होडी हे केवळ साधन होय. त्या साधनामागे शिकलेला हात आणि जादा माणसाला "नाही" म्हणण्याचा अधिकार असलेला जबाबदार माणूस नसेल, तर तेच साधन घात करते. ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या आणि शेतकरी बंधूंच्या मनावर ठसावी, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

आपल्या भागात यांत्रिक होडी कोठे लागते

होडी ही कोकणातल्या माणसांची बाब, असे देशावरील शेतकऱ्यास वाटते. पण जेथे धरण झाले, तेथे शेताच्या शेजारी जलाशय आला. १९६५ साली पूर्ण झालेले गोदावरीवरील गंगापूर धरण, कादवेवरील पालखेड व करंजवण, कोळवणवरील वाघाड, अशी धरणांची माळच नाशिक जिल्ह्यात आहे. जलाशयात मच्छीमार सहकारी संस्था मासेमारी करतात. काही ठिकाणी पिंजऱ्यांतून मत्स्यपालन चालते. त्यास रोज खाद्य पोचवावे लागते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीत पेरणी करणारे शेतकरी पैलतीरी जाण्यास होडीचा आधार घेतात. गंगापूरच्या जलाशयावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने बोट क्लब उभारला. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर तर महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले असून तेथे पक्षी पाहावयास लोकांची रीघ लागते.

याहून महत्त्वाचा प्रसंग पुराचा. निफाड तालुक्यातील चांदोरी व सायखेडा या गावांनी २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या आरंभी गोदावरीचे पाणी घराघरांत शिरलेले पाहिले आहे. अशा वेळी माणसे, गुरे, औषधे आणि शिधा यांची ने-आण होडीवाचून होत नाही. म्हणजे होडी हा आता आपल्याही गावगाड्याचा एक भाग झाला आहे. तिची विद्या मात्र अद्याप आपल्याकडे रुजलेली नाही.

तीन दुर्घटना

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातील नद्यांवर व जलाशयांवर घडलेल्या तीन घटना येथे देतो. कोणास दोष देण्याचा यात हेतू नाही. मेलेली माणसे आपल्यासारखीच शेतकरी कुटुंबांतील होती, म्हणून त्यांच्या मृत्यूपासून आपण काही शिकावे, एवढाच उद्देश आहे.

पहिली घटना सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ या गावची. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या महापुरातून गावकऱ्यांना बाहेर काढीत असताना बचावाची होडी उलटली आणि १७ जण प्राणास मुकले. होडीत तिच्या ताकदीहून अधिक माणसे बसली होती. पुरापासून वाचण्यासाठी जे होडीत चढले, त्यांना पुरानेच नेले.

दुसरी घटना गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरची. २३ जानेवारी २०२४ रोजी वैनगंगेपलीकडे मिरची तोडावयास निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि सहा स्त्रिया दगावल्या. त्या दिवशी पूर नव्हता, पावसाळाही नव्हता. रोजच्या मजुरीची ती रोजची वाट होती.

तिसरी घटना उजनी जलाशयाची. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात सापडून बुडाली. एक पोलीस अधिकारी पोहून काठास लागले. सहा जणांचे मृतदेह शोधावे लागले.

तिन्ही घटनांत नदी वेगळी, ऋतू वेगळा, होडी वेगळी. परंतु निघण्यापूर्वीचा क्षण तिन्ही ठिकाणी सारखाच असतो. होडी काठाला असते, माणसे चढत असतात आणि त्या वेळी कोणीतरी ठरवावयाचे असते की, इतकीच माणसे, या वाऱ्यात नाही, जाकीट घातल्यावाचून नाही. हा निर्णय घेण्याची विद्या आणि अधिकार ज्याच्या ठायी आहे, तोच खरा नाविक होय.

माझा स्वतःचा अनुभवही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीस असताना एका जलाशयाच्या पैलतीरावरील पिकाची पाहणी करण्यास आम्ही निघालो. आठ माणसांच्या होडीत आम्ही चौदा जण बसलो. होडी चालविणाऱ्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले. साहेबच बसले आहेत म्हटल्यावर तो गप्प राहिला. मध्यावर वारा सुटला, लाट काठावरून आत आली आणि सगळे एकदम उठून उभे राहिले. त्या मुलाने इंजिन मंद करून आम्हांस ओरडून खाली बसविले, म्हणून आम्ही वाचलो. त्याला होडी चालविता येत होती. मला "उतरा" म्हणण्याचा अधिकार आपणास आहे, हे मात्र त्यास कोणी शिकविले नव्हते. आणि स्वतः उतरण्याची बुद्धी मला झाली नाही. बैठकीतल्या त्या हशात मी सामील होऊ शकलो नाही, तो यामुळेच.

ट्रॅक्टर आणि होडी

ज्यास ट्रॅक्टर येतो त्यास होडी येईल, ही समजूत इंजिनापुरती खरी आहे. पुढील तीन गोष्टींत मात्र ती सपशेल चुकते.

पहिली गोष्ट, होडीस ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी ती आपल्या वेगाने पुढे जातच राहते. म्हणून काठाजवळ किंवा माणसाजवळ जाताना वेग फार अगोदर कमी करावा लागतो.

दुसरी गोष्ट, ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो, तर होडी मागच्या बाजूने वळते. मागे बसविलेले इंजिन वळविले की शेपूट एका अंगास फेकली जाते आणि तोंड दुसऱ्या अंगास फिरते. पाण्यातल्या माणसाजवळ चुकीच्या बाजूस वळविल्यास पंखा नेमका त्याच्या अंगावर जातो. शिवाय वेगात एकाएकी वळण घेतल्यास होडी कलते व कडेला बसलेला माणूस पाण्यात फेकला जातो.

तिसरी गोष्ट, ट्रॅक्टरखालची जमीन स्थिर असते, होडीखालचे पाणी चालत असते. वारा एकीकडे ओढतो, प्रवाह दुसरीकडे ओढतो. चालक जिकडे तोंड करतो, तिकडेच होडी जाईल असा भरवसा नसतो.

भाराचे साधे गणित

होडी किती भार घेते हे अंदाजाने ठरविण्याची सवय सोडली पाहिजे. उदाहरण म्हणून पाच मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी सपाट बुडाची होडी घेऊ. दोन्ही टोके निमुळती असल्याने पाण्यावर टेकलेले तिचे क्षेत्र सुमारे सहा चौरस मीटर धरावे. ही होडी एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे ६० किलो वजन पुरते. म्हणजे एक मोठे माणूस चढले की होडी साधारण एक सेंटिमीटर खचते.

आता समजा, ठरल्याहून दहा माणसे अधिक चढली. पाण्यावर उरलेला काठ सुमारे दहा-अकरा सेंटिमीटरांनी कमी झाला. शांत पाण्यात याचे काही वाटणार नाही. पण वीतभर लाट उठली, की तीच दहा सेंटिमीटरे जगण्या-मरण्याचा प्रश्न होतात. एकदा पाणी आत आले की ते उतरत्या बाजूस धावते, तिकडे होडी आणखी कलते, माणसे घाबरून एका अंगास सरकतात आणि होडी पालथी होते. हे सर्व घडण्यास पुष्कळदा अर्धा मिनिटही लागत नाही.

यास्तव प्रत्येक होडीच्या आतील बाजूस ठळक अक्षरांत माणसांची संख्या लिहावी. तीत चालकही मोजावा. खताची पोती, शिध्याच्या गोण्या, दुचाकी किंवा शेळ्या नेताना तेवढे वजन माणसांतून वजा करावे.

प्रशिक्षणात काय शिकवितात

यांत्रिक होडी चालविण्याचे शिक्षण दोन प्रकारच्या संस्थांतून मिळते. अंतर्देशीय जलवाहतुकीचे पद्धतशीर शिक्षण देण्यासाठी पाटणा येथे २००४ सालापासून राष्ट्रीय अंतर्देशीय नौवहन संस्था कार्य करीत आहे. गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तेथे यांत्रिक होडी हाताळणे, जीवरक्षण अशा विषयांचे अल्पमुदतीचे वर्ग चालतात. पूर-बचावापुरते पाहिल्यास 'आपदा मित्र' योजनेखाली गावोगावच्या स्वयंसेवकांना आपत्तीतील शोध व बचावकार्याचे धडे दिले जातात. त्याची चौकशी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावी.

चांगल्या वर्गात पुढील गोष्टी हाताने करून घेतल्या जातात. केवळ व्याख्यान ऐकून ही विद्या येत नाही.

१. निघण्यापूर्वीची तपासणी : बूड, इंजिनाची पकड, इंधन, दोर, नांगर, वल्ही आणि आत आलेले पाणी उपसण्याचे भांडे. इंजिन बंद पडेल असे धरूनच वल्ही बरोबर घ्यावयाची असतात.

२. बंद-दोरी : बाहेर बसविण्याच्या पुष्कळशा इंजिनांच्या बंद करण्याच्या कळीला एक दोरी असते. तिचे दुसरे टोक चालकाच्या मनगटास किंवा मांडीस अडकवावयाचे असते. चालक पाण्यात पडला तर दोरी सुटते व इंजिन तत्काळ बंद होते. ही दोरी न बांधल्यास चालकाविना होडी घिरट्या घालीत त्याच्याच अंगावर येऊ शकते.

३. इंधनाची काळजी : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते व ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून टाकी शक्यतो काठावर उतरवून भरावी. त्या वेळी बिडी-काडी जवळ नसावी.

४. लाटेला तोंड देणे : मोठी लाट आडवी अंगावर घेऊ नये. वेग कमी करून होडीचे तोंड लाटेकडे थोडे तिरके ठेवावे.

५. पाण्यातील माणसास उचलणे : वाहत्या पाण्यात शक्यतो खालच्या अंगाने, प्रवाहाविरुद्ध तोंड करून जवळ जावे. माणूस हाताशी येताच पंखा थांबवावा, मगच त्यास वर घ्यावे.

६. जीवरक्षक जाकीट : ते काठावरच घालून, पट्टे आवळून मग होडीत पाऊल ठेवावयाचे. उशाशी घेतलेले किंवा फळीखाली ठेवलेले जाकीट उपयोगाचे नाही, कारण होडी उलटल्यावर ते घालण्यास वेळ मिळत नाही. नौकाविहारातील अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी दर पाचांत चारांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नव्हते, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत. ज्यास उत्तम पोहता येते, त्यानेही ते घातले पाहिजे. डोक्यास मार लागला तर पोहणे उपयोगी पडत नाही.

इतर देशांनीही हा धडा अनुभवानेच घेतला. कॅनडात २००९ सालापासून हौसेची यांत्रिक होडी चालविणाऱ्या प्रत्येकास आपल्या ज्ञानाचा पुरावा जवळ बाळगावा लागतो. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९९४ साली कायदा करून चालकास परवाना आवश्यक केला. स्वतःच्या करमणुकीसाठी होडी काढणाऱ्यास जर इतके बंधन, तर दुसऱ्याचा जीव हाती घेणाऱ्यास ते किती अधिक असावे, याचा विचार वाचकांनीच करावा.

कायदा काय सांगतो

नद्या, कालवे व तलाव यांतील नौकांकरिता आपल्या देशात १९१७ सालचा कायदा शतकाहून अधिक काळ चालू होता. त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा नवा कायदा आला असून त्याखालील नियम २०२२ साली झाले. त्यातील मुख्य सूत्रे पुढीलप्रमाणे आहेत.

यंत्राने चालणाऱ्या जलयानाची तपासणी करून घेऊन त्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते, नोंदणी करावी लागते व नोंदणीचा क्रमांक जलयानावर दिसेल असा लिहावा लागतो. जीवरक्षणाची व आग विझविण्याची साधने ठेवावी लागतात आणि विमा उतरवावा लागतो. चालविणाऱ्या माणसांजवळ सक्षमता प्रमाणपत्र असावे लागते. जलयानाचा आकार व इंजिनाची शक्ती यांप्रमाणे या प्रमाणपत्राचे वर्ग वेगवेगळे आहेत. 'सारंग' हा आपल्या कोळी बांधवांच्या तोंडचा शब्द त्या वर्गांत आजही आढळतो.

केवळ वल्ह्यांवर चालणाऱ्या होड्याही या कायद्याने विचारात घेतल्या आहेत. त्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवर व्हावी, अशी त्यात योजना आहे. ग्रामपंचायतींनी याची विशेष दखल घ्यावी.

महाराष्ट्रात नौकांची तपासणी, नोंदणी आणि चालकांची प्रमाणपत्रे यांचे काम १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. धरणाच्या जलाशयात होडी घालावयाची असल्यास जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. मासेमारीचा संबंध असल्यास मत्स्यव्यवसाय विभागाकडे जावे. नांदूर मध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात वन विभागाच्या संमतीवाचून होडी उतरवू नये. आपल्या होडीस नेमके कोणत्या वर्गाचे प्रमाणपत्र लागेल, हे खरेदीपूर्वीच बोर्डाच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे. खरेदीनंतर विचारल्यास पुष्कळदा पश्चात्ताप पदरी पडतो.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. एखादा वर्ग पुरा केल्याचा दाखला आणि कायद्याने मिळणारे सक्षमता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शिकल्याची खूण, दुसरी चालविण्याची मुभा. दाखला भिंतीवर लावून प्रवासी नेऊ लागणे म्हणजे मशागतीचे पुस्तक वाचून पीक आले असे समजण्यासारखे आहे.

कित्येकांस हे सर्व कागदी बंधन वाटते. माझे म्हणणे असे की, परवाना हा चालकाचा आधार आहे. होडी भरली असताना गावचा पुढारी, नातलग किंवा साहेब चढू लागला, तर विनापरवाना पोराने त्यास काय सांगावे? प्रमाणपत्र असलेला माणूस मात्र म्हणू शकतो, "दादा, उतरा. याहून एक माणूस अधिक घेतला तर माझा परवाना जाईल." जो शब्द स्वतःच्या तोंडून निघत नाही, तो कायदा त्याच्या तोंडी घालतो.

पुराच्या पाण्यातील विशेष धोके

प्रशिक्षण बहुधा मोकळ्या पाण्यावर होते. आपल्या शिवारातील पुराची माहिती त्यात आपणच घातली पाहिजे. निफाड तालुक्यात पुढील धोके विशेष आहेत.

द्राक्षबागेवर पाणी चढले की मांडवाचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा पाण्याखाली दिसेनाशा होतात. वरून शांत तळे भासते. त्यात होडी घातल्यास तार पंख्यात गुंतते किंवा अँगल बुडास लागतो. हवेने फुगविलेल्या रबरी होडीस तर हा धोका फारच मोठा. म्हणून बागांतून जवळची वाट काढू नये. पाण्याखाली गेलेल्या रस्त्याच्या मार्गाने जावे आणि कडेच्या झाडांवर उन्हाळ्यातच खुणा करून ठेवाव्या. कोणत्या गटात बाग आहे, कोठे विहीर आहे, याचा नकाशा होडीबरोबर असावा.

पाणी चढले म्हणजे विजेच्या तारा तेवढ्याच जवळ येतात. प्रवाह बंद केल्याची खात्री वीज कंपनीकडून मिळाल्यावाचून तारांखालून जाऊ नये.

गोदावरीत पाणवेली मोठ्या प्रमाणावर वाहत येतात व पुलाशी साचतात. त्या पंख्यास गुंडाळल्या जातात आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तोंड बुजवितात. इंजिनामागून येणारी पाण्याची धार बंद झाली की ताबडतोब इंजिन थांबवून वल्ही हाती घ्यावी. पुलाच्या वरच्या अंगास होडी कदापि नेऊ नये. प्रवाह तिला खांबांवर नेऊन दाबतो.

वळवाच्या दिवसांत जलाशयावर दुपारनंतर निघणे टाळावे. आभाळाची चिन्हे शेतकऱ्यास शिकवावी लागत नाहीत. द्राक्षाचा घड ज्या वाऱ्याला भितो, त्याच वाऱ्याला होडीनेही भ्यावे. उघड्या पाण्यावर माणूसच सर्वांत उंच असल्याने विजेचाही धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे अ‍ॅप भ्रमणध्वनीवर ठेवून निघण्यापूर्वी पाहावे.

आणि अखेरची गोष्ट. गावची होडी ही पहिल्या मदतीसाठी असते. प्रवाह जोराचा असेल, रात्र असेल, तर तहसील कार्यालयामार्फत धुळे येथील राज्य आपत्ती प्रतिसाद दलासारख्या शिक्षित पथकांस वेळीच बोलवावे. थांबणे हाही नाविकाच्या विद्येचा भाग आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. आपल्या गावात व जलाशयाच्या काठी किती होड्या आहेत, कोण चालवितो, प्रमाणपत्र आहे किंवा नाही, याची यादी उन्हाळ्यातच तयार करावी.

२. होडीची मागणी करतानाच चालकांच्या शिक्षणाचा खर्च त्याच ठरावात धरावा. एकाऐवजी निदान दोन माणसे शिकवावी, कारण पूर आला तेव्हा एकजण परगावी असणारच. शिकावयास जाणाराची मजुरी बुडते, तिचाही विचार ठरावात व्हावा.

३. चालक निवडताना केवळ धाडस पाहू नये. पोहता येणारा, व्यसन नसलेला आणि वडीलधाऱ्यांसही नम्रपणे परंतु ठामपणे नकार देऊ शकणारा माणूस निवडावा. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती होडी देऊ नये.

४. होडीचे सर्व अधिकार पाण्यावर चालकाकडे राहतील, असा ग्रामसभेचा ठराव करावा व तो होडी उतरविण्याच्या जागी लिहून लावावा.

५. जितकी माणसे तितकी जाकिटे, व मुलांसाठी लहान मापाची वेगळी, अशी व्यवस्था असावी. दरवर्षी त्यांचे पट्टे व शिवण तपासावी. उंदरांपासून ती जपावी.

६. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यात दर पंधरवड्यास इंजिन चालवून पाहावे. वर्षभर कोठारात पडलेले इंजिन पुराच्या रात्री सुरू होईल, असा भरवसा धरू नये.

७. पैलतीरी मजुरीस जाणाऱ्या स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी. होडी भरलेली दिसल्यास दुसऱ्या खेपेची वाट पाहणे हा त्यांचा हक्क आहे आणि त्या उशिराबद्दल मजुरी कापणार नाही, असे शेतमालकांनी त्यांच्यासमक्ष सांगावे.

उपसंहार

त्या बैठकीतील तरुणास मी शेवटी एकच प्रश्न विचारला. "दादा, पूर आला आहे. होडी आठ माणसांची आहे. आठ जण बसले आहेत. तुझी आई काठावर उभी आहे. काय करशील?"

तो बराच वेळ बोलला नाही. बैठकीतील हशा थांबला होता. मग आबाच म्हणाले, "तिला घेईल की, साहेब."

"नाही," तो तरुण हळूच म्हणाला. "आठ जण सोडून येईन, मग तिला नेईन." आणि थोडे थांबून म्हणाला, "पण हे तेव्हा सुचायला पाहिजे. ते शिकायला कुठे जायचं, सांगा."

याच प्रश्नाने शिक्षणाची सुरुवात होते. त्या गावाने होडीच्या ठरावात दोन माणसांच्या शिक्षणाचे कलम त्याच आठवड्यात घातले. आपापल्या गावीही पाऊस पडण्यापूर्वी हे कलम लिहिले जावे. बी पेरण्यापूर्वी जमीन तयार करतो, तद्वतच पाण्यात होडी घालण्यापूर्वी माणूस तयार केला पाहिजे.